फळांच्या सालींपासून ‘फुकट’ इंधन: रील खरं आहे, पण हिशोब अर्धाच आहे

या मे महिन्यात माझ्या मावसभावाने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक रील पाठवलं. पहिल्या दहा सेकंदांत युगांडातल्या कंपाला शहरातल्या बायका केळीच्या सालींचा काळा गोळा मळून त्याच्या वड्या उन्हात वाळवत होत्या. मग एकदम आपल्याकडचं एक चकचकीत मशीन. एका बाजूने साली आणि लाकडाचा भुसा आत जातोय, दुसऱ्या बाजूने इंधनाच्या कांड्या बाहेर पडतायत. खाली लिहिलेलं: ‘कचरा फुकट, इंधन विका, दिवसाला ५,००० कमवा.’

दादा रत्नागिरीजवळच्या गावात टेम्पो चालवतो. सीझनला त्याचा टेम्पो आंब्याच्या कॅनिंग फॅक्टरीच्या दारातच उभा असतो, त्यामुळे साली आणि बाठ्यांचे ढीग तो रोज बघतो. गावात सॉ मिल पण आहे. म्हणजे रीलमध्ये हवं ते सगळं त्याच्या हाताशी. मशीनची किंमत १ लाख ८५ हजार. ११,००० रुपये बुकिंग त्याने आधीच ऑनलाइन पाठवले होते. उरलेल्यासाठी मावशीच्या पाटल्या गहाण ठेवायचं चाललं होतं.

“तू इंजिनिअर आहेस ना, मग सांग, घेऊ का?”

मी कोड लिहिते, भट्टी लावत नाही. पण एखादी गोष्ट चालेल का हे बघायला आधी आकडे मांडायचे, एवढं कॉलेजने शिकवलंय. म्हणून मी आकडे मांडले. तेच इथे देतेय, कारण असे रील तुमच्याही फीडमध्ये येत असणार.

ब्रिकेट म्हणजे नेमकं काय?

लाकडाचा भुसा जळतो, पण तो वापरायला वैताग. हलका असतो, उडतो, जागा खातो. एक घनमीटर मोकळ्या भुशाचं वजन साधारण १५० ते २०० किलो भरतं. तोच भुसा जोरात दाबला की एका घनमीटरमध्ये १,००० किलोच्या वर मावतो. म्हणजे त्याच टेम्पोत पाचपट माल. दाबून घट्ट केलेली ही कांडी म्हणजे ब्रिकेट. बाजारात तिला ‘व्हाइट कोल’ म्हणतात.

गोंद न घालता ती चिकटते कशी? लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. जबरदस्त दाब आणि त्यातून तयार झालेली उष्णता मिळाली की तो मऊ होतो आणि गार झाल्यावर कणांना धरून ठेवतो. लाकूड स्वतःचाच गोंद घेऊन येतं, असं समजा.

आपल्याला हे अगदी नवीनही नाही. गोवरी हे हाताने थापलेलं ब्रिकेटच आहे. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती भुसा ठासायचा, बाटली काढायची आणि त्या भोकातून पेटवायचं, ही भुशाची शेगडी आपल्या आजीच्या पिढीने वापरलीये. तत्त्व तेच: दाबा, मग जाळा.

म्हणजे रील खोटं नाही. साली आणि भुशापासून इंधन बनतं. प्रश्न तीन आकड्यांचा आहे, जे रीलमध्ये दिसत नाहीत.

पहिला लपलेला आकडा: पाणी

आंब्याच्या ताज्या सालीत साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असतं. केळीच्या सालीत त्याहून जास्त. ब्रिकेट मशीनला मात्र माल ८ ते १२ टक्के ओलाव्याचा लागतो. त्याहून ओला घातला तर आत वाफ होते आणि कांडी फुटते किंवा भुसभुशीत निघते.

आता १०० किलो आंब्याच्या साली घ्या, पाणी ८० टक्के धरा. सुका ऐवज फक्त २० किलो. १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवल्यावर हातात येणार २२ किलो. उरलेलं ७८ किलो पाणी उडवायचं आहे.

हे पाणी जाळ लावून उडवलं तर? एक किलो पाणी तापवून त्याची वाफ करायला साधारण ६१० किलोकॅलरी लागतात. ७८ किलोला झाल्या जवळपास ४७,५००. हे सुद्धा एकही किलोकॅलरी वाया गेली नाही तर. साध्या ड्रायरमध्ये निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं, तर खर्च ९५,००० किलोकॅलरी.

आणि मिळालं काय? २२ किलो सुकी साल, किलोमागे ३,८०० किलोकॅलरी धरली तरी सुमारे ८४,०००. म्हणजे जेवढं इंधन तयार झालं त्याहून जास्त इंधन ते तयार करायलाच जळालं! बॅटरी चार्ज करायला त्याच बॅटरीचा पॉवर बँक लावण्यासारखं झालं हे.

आता लाकडाच्या भुशाचा हिशोब बघा. सॉ मिलच्या ताज्या भुशात ३५ टक्के ओलावा धरू. १०० किलोतून ७२ किलो सुका माल निघतो. पाणी उडवायचं फक्त २८ किलो. तेवढ्याच वाया जाणाऱ्या ड्रायरमध्ये साधारण ३४,००० किलोकॅलरी लागतील आणि हातात येईल २,८८,००० किलोकॅलरीचं इंधन. पास, तेही डिस्टिंक्शनमध्ये.

थोडक्यात, या धंद्याचं इंजिन भुसा आहे. साल ही सोबत येणारी प्रवासी आहे आणि ती फक्त उन्हाच्या तिकिटावर परवडते.

आकड्यांवर दादाचा विश्वास बसेना, म्हणून त्याने गच्चीवर प्रयोग केला. २ किलो साली ताडपत्रीवर पातळ पसरल्या. माशा, मुंग्या, आंबूस वास, सगळं झालं. पाचव्या दिवशी वजन भरलं ४६० ग्रॅम. त्याने मला काट्याचा फोटो पाठवला आणि खाली फक्त एवढंच लिहिलं: “एवढीशीच?”

कोकणातली खास अडचण: कॅलेंडर

कॅनिंगचा जोर असतो मे महिन्यात आणि जूनच्या सुरुवातीला. कोकणात पाऊस येतो जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे साली सगळ्यात जास्त येतात तेव्हा ऊन संपत आलेलं असतं. दिवसाला एक टन साली वाळवायच्या असतील, त्या पाच दिवस पसरून ठेवायच्या असतील, तर पाच टन साली कायम उन्हात हव्यात. तेवढं खळं कुणाकडे आहे? आणि पुढचे चार महिने दमट हवेत सुकलेला माल पुन्हा ओलावा ओढून घेतो. मशीन मात्र हप्ता बारा महिने मागतं.

यात एक चांगली बातमी आहे, बाठा. आंब्याच्या बाठ्याचं बाहेरचं कवच लाकडासारखं असतं, सालीइतकं पाणी धरत नाही आणि नीट जळतं. ढिगातून बाठे वेगळे काढून फोडून वाळवले, तर सालींपेक्षा कमी कष्टात जास्त इंधन मिळतं. रीलमध्ये त्याचं नाव नाही, कारण साली दाखवायला छान दिसतात.

मशीन दोन प्रकारचं असतं

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात.

पहिला प्रकार बिनगोंदाचा. प्रचंड दाब देणारं पिस्टन किंवा स्क्रू प्रेस. तासाला अर्धा टन माल काढणाऱ्या मशीनला साधारण ४० ते ५० एचपीच्या मोटरी लागतात. थ्री फेज कनेक्शन, शेड, ड्रायर, सुटे भाग हे सगळं धरून हा कारखाना झाला. पावणेदोन लाखांत तो होत नाही.

दुसरा प्रकार छोट्या मशीनचा, दादाने बुक केलं होतं तसं. याचा दाब कमी असतो, त्यामुळे लिग्निन मऊ होत नाही. मग चिकटायला काहीतरी घालावं लागतं: मैद्याची किंवा टॅपिओकाची खळ, शेण, चिकण माती. खळ म्हणजे पुन्हा पाणी. एवढं करून वाळवलेला माल पुन्हा ओला करायचा आणि कांड्या पुन्हा वाळवायच्या. माती जास्त झाली की राख वाढते. खळ जास्त झाली की खर्च वाढतो. विक्रेत्याला दादाने फोनवर हे विचारलं, तेव्हा उत्तर आलं: “सर, ऊन तर फुकट आहे.”

छोट्या मशीनला खरा उपयोग आहे तो कोळशाच्या भुकटीसाठी. यातली सगळ्यात ओळखीची गोष्ट आपल्या पुण्यातली आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ (अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट) या संस्थेने उसाचं पाचट बंद डब्यात, हवा न लागू देता, भाजून त्याचा कोळसा करायची भट्टी तयार केली. त्या भुकटीत खळ मिसळून साध्या मशीनमधून कांड्या काढायच्या. या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. अशी कांडी जळताना धूर जवळजवळ करत नाही आणि किलोमागे उष्णताही जास्त देते. पण कोळसा करताना सुक्या मालाचं वजन पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर येतं. म्हणजे १०० किलो ओल्या सालींतून कोळसा किती? सहा-सात किलो. कंपालाच्या त्या बायका जे मळत होत्या, ते हेच.

दुसरा लपलेला आकडा: शेगडी

‘ब्रिकेट गॅसपेक्षा स्वस्त’ असं म्हणताना लोक किलोचा भाव किलोशी लावतात. ते चूक आहे. भांड्यापर्यंत किती उष्णता पोचते ते बघायचं.

घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. किलोमागे साधारण ११,००० किलोकॅलरी आणि गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर भांड्यात पोचतात सुमारे ९४,००० किलोकॅलरी. एप्रिल २०२५ च्या ५० रुपयांच्या वाढीनंतर मुंबईत हा सिलेंडर ८५२.५० रुपयांना झाला. उज्ज्वला योजनेतल्या घराला तेव्हा ३०० रुपये अनुदान होतं, म्हणजे ५५२.५० रुपये.

ब्रिकेट ४,००० किलोकॅलरीचं आणि घरपोच ८ रुपये किलो धरू. आता तेवढीच उष्णता भांड्यात पोचवायला:

– साधी तीन दगडांची चूल (१५ टक्के): १५६ किलो ब्रिकेट, खर्च सुमारे १,२५० रुपये.
– सुधारित चूल (२५ टक्के): ९४ किलो, सुमारे ७५० रुपये.
– पंख्याची सुधारित चूल (३५ टक्के): ६७ किलो, सुमारे ५३५ रुपये.

२५ आणि ३५ टक्के हे मी मनाने घेतले नाहीत. भारतीय मानकात या दोन प्रकारच्या चुलींसाठी किमान तेवढी कार्यक्षमता मागितली आहे.

आकडे पुन्हा वाचा. इंधन तेच, भाव तोच, पण शेगडी बदलली की खर्च निम्म्याहून कमी. साध्या चुलीत ब्रिकेट गॅसपेक्षा महाग पडतं. उज्ज्वलावाल्या घराला तर पंख्याच्या चुलीतही ते जेमतेम बरोबरीला येतं, आणि धूर, राख, भांडी घासणं हे वर. म्हणजे गरिबाला स्वस्त इंधन द्यायचं असेल तर आधी त्याला चूल द्यावी लागेल. मशीन विकणारा चुलीबद्दल एक शब्द बोलत नाही.

तिसरा लपलेला आकडा: गिऱ्हाईक

दादाकडे यालाही उत्तर होतं. “घरी कशाला विकू? मुंबईच्या बेकऱ्यांना विकेन.”

त्याचा संदर्भ बातम्यांमधला होता. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात शहरातल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि भट्ट्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर हरित इंधनाकडे वळायला सांगितलं. मशीनवाल्यांनी ‘हरित इंधन’ हा शब्द लगेच उचलला.

पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. ब्रिकेट जळताना निघणारा कार्बन झाडाने आधी हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून हवामानाच्या हिशोबात ते कोळशापेक्षा बरं. शहराच्या फुफ्फुसाचा हिशोब वेगळा आहे. तिथे धुरातले बारीक कण, पीएम २.५, मोजले जातात. जुन्या भट्टीत, अपुऱ्या हवेत, ओलसर ब्रिकेट जाळलं तर ते लाकडासारखाच धूर करतं. न्यायालयासमोरचा प्रश्न धुराचा होता. त्या भरवशावर गिऱ्हाईक धरणं म्हणजे वाळूवर पाया.

ब्रिकेटचं खरं मोठं गिऱ्हाईक आज आहे बॉयलर: कापडाची प्रोसेस हाउस, डेअरी, खाद्यपदार्थांचे कारखाने. त्यांच्याकडे नीट हवा देणारी भट्टी असते आणि ते ट्रकने माल घेतात. त्यात आता वीज केंद्रांची भर पडलीये. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने २०२१ मध्ये ‘समर्थ’ मिशन आणलं. २०२३ च्या सुधारित धोरणात कोळशावरच्या वीज केंद्रांनी २०२४-२५ पासून ५ टक्के आणि २०२५-२६ पासून ७ टक्के बायोमास पेलेट मिसळायचे असं ठरलं होतं. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला तर दिवसाला ७,००० टनांच्या आसपास कोळसा खातो. त्याचे ५ टक्के म्हणजे दिवसाला ३५० टन बायोमास. एका संचाला!

शेतात पेटवलं जाणारं पाचट, तण, भुसा कामी यावा हा यामागचा हेतू चांगलाच आहे. पण मागणी वाढली की ‘फुकटचा कचरा’ फुकट राहत नाही. दादाने गावातल्या सॉ मिलवाल्या काकांना भुशाचं विचारलं. ते हसले. म्हणाले, “पूर्वी मी लोकांना ‘ने रे बाबा’ म्हणायचो. आता दर आठवड्याला घाटावरून गाडी येते, रोख पैसे देऊन जाते.”

सरकारी मदतही मोठ्यांकडे झुकते. नोव्हेंबर २०२२ च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात ब्रिकेट आणि पेलेटच्या कारखान्यांना मदत ठरली ती ताशी टन क्षमतेवर. जितकं मोठं मशीन तितकी मोठी मदत. गावातल्या चुलीसाठी सात-आठ रुपयांत कांडी विकणारा या स्पर्धेत कुठे उभा राहणार? बॉयलरवाला दोन रुपये जास्त देत असेल तर माल तिकडेच जाणार. मला तरी यातली खरी बातमी हीच वाटते: देशात बायोमास इंधन वाढतंय, पण ‘स्वस्त’ हा शब्द त्यातून हळूहळू गळतोय.

मग कंपालात कसं चालतं?

कारण तिथला प्रतिस्पर्धी वेगळा आहे. कंपालात घराघरात मटोके, म्हणजे हिरवी केळी सोलून वाफवून खातात. त्यामुळे साली रोज, बारा महिने, दारात. आणि बहुतेक घरं लाकडी कोळशावर शिजवतात, अनुदानाच्या गॅसवर नाही. मे २०२३ मध्ये युगांडाच्या राष्ट्राध्यक्षांनी जंगलतोड थांबवण्यासाठी उत्तर भागात व्यापारी कोळशावर बंदी घातली. म्हणजे तिथली कांडी टक्कर घेते कोळशाशी, आणि तीही लोकांकडे आधीपासून असलेल्या कोळशाच्या शेगडीत. आपल्याकडे तीच कांडी अनुदानित सिलेंडरसमोर उभी राहते.

आपल्याकडे कुठे जमेल?

तीन ठिकाणी मला अर्थ दिसतो.

एक, अंघोळीचं पाणी. गॅस असलेल्या कितीतरी घरांत आजही बंब पेटतो. तो अंगणात असतो, स्वयंपाकघरात धूर होत नाही. बंबफोडऐवजी हाताने थापलेल्या भुसा-साल-शेणाच्या कांड्या तिथे मस्त चालतात. मशीन लागत नाही.

दोन, छोटी हॉटेलं आणि खानावळी. त्यांच्या १९ किलोच्या सिलेंडरला अनुदान नसतं, त्यामुळे वरचा हिशोब त्यांच्या बाजूने झुकतो. अट एकच, चांगली चूल आणि धुराडं.

तीन, जिथे एकाच आवारात ओला कचरा, भुसा आणि बॉयलर तिन्ही आहेत. कॅनिंग फॅक्टरीने स्वतःचे बाठे स्वतःच्या बॉयलरमध्ये जाळले तर वाहतूकच वाचते.

आणि दोन गोष्टी चुकूनही करू नका. प्लायवूड, एमडीएफ, सनमायका लावलेल्या फर्निचरचा भुसा घेऊ नका. त्यातला रासायनिक गोंद आणि रंग धुरातून तुमच्या छातीत जातात. कोळशाची कांडी बंद खोलीत पेटवू नका. धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

मशीन घेण्याआधी पाच प्रश्न

१. माल किती टक्के ओला आहे आणि तो मी कशाने वाळवणार?
२. पावसाळ्याचे चार महिने मशीन काय करणार?
३. हे मशीन बिनगोंदाचं आहे की खळ लागते? चालू असताना माझा माल घालून बघायला देणार का?
४. भुशाचा भाव उद्या किलोला २ रुपयांनी वाढला तर माझ्याकडे काय उरतं?
५. एका गिऱ्हाइकाने लेखी ऑर्डर दिली आहे का?

दादाने हे पाचही प्रश्न विक्रेत्याला पाठवले. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. बुकिंगचे ११,००० अजून परत मिळालेले नाहीत. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केलीये.

तो माझ्यावर थोडा रागावला होता, आणि मला ते समजतं. टेम्पोच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याला ‘हे होणार नाही’ असं पुण्यात बसून सांगणं सोपं असतं. पण जूनमध्ये गेले तेव्हा मावशीच्या हातात पाटल्या होत्या. परसात बंबाशेजारी बाठ्यांचं एक पोतं वाळवून ठेवलेलं. “अंघोळ करून घे गो,” मावशी म्हणाली, “पाणी कडकडीत तापलंय.”